एकशे बेचाळीस घरांचं चूलबंद आवतण

आमच्या कासार आंबोलीत लग्न ठरलं की मांडववाल्याच्या आधी जयसिंग ढमाले यांना निरोप जातो. जयसिंगअण्णा आवतण देतात. पत्रिका मोबाइलवर आलेली असली, तरी अण्णा दारात येऊन बोलल्याशिवाय गावात ती कोणी धरत नाही. आवतणाचेही प्रकार आहेत. एक घरटी एका माणसाचं. दुसरं चूलबंद, म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, लेकराबाळांसकट सगळ्यांनी जेवायला यायचं. चौतीस वर्षांत अण्णांकडून एक घर सुटलेलं नाही. मी त्यांचा शेजारी. पौडच्या एका कॉलेजात कार्यालय अधीक्षक आहे, निवृत्तीला दहा महिने उरले आहेत. इतका नेटका कारभार मी आमच्या कार्यालयातही पाहिलेला नाही.

अण्णांच्या वरच्या खोलीत निषाद नावाचा आयटीतला मुलगा भाड्यानं राहत होता. कॅनडाला जाताना तो टीव्हीला जोडायचा गेम अण्णांना देऊन गेला आणि दोन दिवस बसून खेळायचं कसं, कोणाचं काय काम अडलंय, हे मराठीत सांगूनही गेला. त्यात एक अख्खं राज्य आहे. डोंगर, नद्या, गावं. आपण घोड्यावरचा योद्धा. हवं तिकडं हिंडायचं, लोकांची अडलेली कामं करायची आणि शेवटी काळ्या किल्ल्यातल्या दुष्ट राजाला मारायचं. मुलं म्हणे आधी तलवार शोधतात. अण्णांनी आधी ओळखी करून घेतल्या.

रोज दुपारी जेवण झालं की अण्णा खेळायला बसत. शेजारी रत्नावहिनी तांदूळ निवडत बसत आणि मार्ग दाखवत.

"अवो, लढाया ऱ्हाऊ द्या. त्या गिरणीवालीकडं जाऊन या आधी. तिची लेक आजारी हाय."

"औषध कालच दिलं की."

"दिलं, पर उतार पडला का ते इचारलं का?"

अण्णा घोडा वळवत.

अशी पावणेदोन वर्षं गेली. गिरणीवालीची लेक बरी झाली, लोहाराचा भाता दुरुस्त झाला, हरवलेल्या सगळ्या शेळ्या घरी आल्या. राहिला फक्त राजा. किल्ल्याच्या दारापर्यंत जाऊन अण्णा थांबले.

"राजा मेल्यावर जेवान लागंल का न्हाई? मग आवतान नगं द्यायला?"

ते परत फिरले आणि अकरा दुपारी घोडा दामटत सगळं राज्य पालथं घातलं. एकशे बेचाळीस घरं. प्रत्येक दारात उभं राहून बटण दाबायचं आणि इकडं कॉटवरून खणखणीत आवाजात सांगायचं, "चूलबंद हाय बरं का!" समोरचा माणूस इंग्रजीत एकच वाक्य बोले. पौडच्या नबीलालभाईंची समरीन कॉम्प्युटर दुरुस्त करते. ती वायफाय बघायला आली होती, तेव्हा अण्णांनी तिला अर्थ विचारला.

"काका, 'वाट जपून चला' म्हणतोय तो."

"म्हंजी येतो म्हनतोय," असं म्हणून अण्णांनी आवतणाच्या वहीत टिक केली.

लढाईच्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. अण्णांनी धुतलेली टोपी घातली होती. राजा आठ मिनिटांत मेला. मग एक रिकामं सिंहासन दिसलं आणि त्याच्यामागं तीन दारं. अण्णांनी मधलं निवडलं. ते रुंद होतं, माणसं जास्त मावली असती. दार उघडलं, पडदा पांढरा झाला, वारा सुटल्याचा आवाज आला आणि खालून वर नावं सरकायला लागली.

अण्णा ताठ बसले. आमच्या भागात नवरा-नवरी बोहल्यावर ताटकळत असतात आणि माइकवर अर्धा तास उपस्थितांची नावं चालतात, हे सगळ्यांना माहीत आहे.

"आधी मान्यवर घेतात," अण्णा म्हणाले. "मग आपली मानसं."

बावीस मिनिटं मी नावं वाचत होतो. कोणी आवाजाचं काम केलेलं, कोणी उजेडाचं, कोणी घोड्यांच्या हालचालींचं.

"गिरणीवालीचं नाव आलं का?" वहिनींनी विचारलं.

"अजून नाही."

"मेले मांडववाल्यांचीच नावं घ्यायला लागल्यात!"

नावं संपली. जेवण नाही, माणसं नाहीत. गेमनं अण्णांना उचलून पुन्हा लढाईच्या आधी, किल्ल्याबाहेरच्या वाटेवर आणून सोडलं. आत राजाही परत जिवंत.

त्यानंतर आठ दिवस अण्णांनी गेमला हात लावला नाही. त्यांचं जेवणही निम्म्यावर आलं. मी समजूत काढायला गेलो.

"राजाचं मरू द्या हो," ते म्हणाले. "मी एकशे बेचाळीस घरांला सांगितलंय, चूल पेटवू नगा. ती मानसं बसली आसतील तशीच. त्यांच्या दारात आता कुटल्या तोंडानं जाऊ?"

"चित्रं हायेत ती," वहिनी म्हणाल्या.

"चित्रांला जेवायला बोलावलं कुनी? मीच न्हवं?"

शेवटी समरीनला बोलावलं. तिनं मोबाइलवर शोधून पाहिलं. "काका, शेवट एवढाच आहे. जगभरचे लोक कंपनीला शिव्या घालतायत."

"दुसऱ्या दारातनं गेलो आसतो तर?"

"तिन्ही दारांत तेच. नुसता रंग वेगळा."

"मग माझ्या मानसांचं काय?"

समरीननं मोबाइल आणखी चाळला. "काका, गेममधल्या तुमच्या पोतडीतलं सामान जमिनीवर ठेवता येतं. जवळ उभा असलेला माणूस कधीकधी उचलतो."

दुसऱ्या दिवसापासून अण्णा कामाला लागले. नऊ दिवस मासे धरले, सफरचंदं तोडली, पाव भाजले. गाववार पंगती करायचं ठरलं. पहिला मान गिरणीवालीच्या गावाला. रविवारी दुपारी एक वाजता आम्ही सगळे टीव्हीसमोर हजर होतो. अण्णांनी चौकात दोन ओळींत पाव मांडले, प्रत्येक पावाशेजारी एक मासा.

बराच वेळ कोणी ढुंकून पाहिलं नाही. माणसं पावांवरून चालत होती. अण्णांच्या कपाळावर घाम आला. मग गिरणीवाली थांबली, वाकली आणि तिनं एक पाव उचलला.

"घेतलं! घेतलं गं बाई!" वहिनींच्या मांडीवरचं सूप कलंडलं.

मग लोहार आला, म्हातारा न्हावी आला. पाव उठायला लागले. अण्णा घाईनं आणखी वाढायला गेले आणि गडबडीत माशाऐवजी त्यांची चांदीची ढाल खाली पडली. लोहारानं आणि न्हाव्यानं एकदमच ती धरली. काहीतरी बोलाचाली झाली. न्हाव्यानं लोहाराच्या थोबाडीत दिली. एक तांबड्या टोपीवाला विनाकारण मध्ये शिरला.

"काका, बंद करा!" समरीन ओरडली. "तलवारी काढतील आता!"

अण्णा मात्र भिंतीला टेकून हसत होते. लढाईनंतर पहिल्यांदाच. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. पंगतीत भांडान झालं, म्हंजी कार्य झालं."

"आवो, हासताय काय, मिटवा की!" वहिनी पडद्याजवळ सरकल्या. "आनि तो तांबड्या टोपीवाला कुनाकडचा हो? आपल्याकडचा दिसत न्हाई."

"व्याह्याकडचा आसंल," असं म्हणत अण्णा घोड्यावरून उतरून भांडणात पडले.