तीनदा वाचलेला अर्ज

मला वाचता येत होतं, हे आधीच सांगून टाकतो; म्हणजे पुढं कुणी माझी कीव करायला नको. निजामाच्या राज्यात आमची शाळा उर्दूतून झाली. छापील उर्दू तर यायचंच, पण कचेरीतली घाईघाईनं ओढलेली, नुक्ते म्हणजे टिंबं खाल्लेली, मोडक्या वळणाची शिकस्ता लिखावटही मला शेवटी शेवटी पाण्यासारखी वाचता येऊ लागली होती. लोकांना वाटतं, भीती अडाणी माणसाला वाटते. साफ खोटं. मी जितकं शिकलो तितका जास्त भ्यालो.

आम्ही लातूरचे. वडील एका वकिलाकडं कारकून. मालखात्यात, म्हणजे आजच्या महसुलात, अहलकाराच्या, म्हणजे कारकुनाच्या, जागा निघाल्या की नांदेडला इम्तहान व्हायचा. एकदा मी त्यात आपटलो होतो. पुढच्या खेपेला वय आडवं येणार होतं, म्हणजे ही शेवटचीच संधी. वडिलांनी निरोप धाडला, "ह्या वेळी न्हाई झालं तर लातूरला तोंड दाखवू नको, तिथंच गोदावरीत काय ते बघ." बोलणं रागाचं होतं, पण मी ते शब्दशः धरलं. माझी खोली नदीकाठालाच होती. रोज सकाळी दार उघडलं की पाणी दिसायचं.

इम्तहानाचे दोन भाग. पहिला अकलेचा, तोही तोंडी. हदगावहून एक घोडेस्वार निघाला, नांदेडहून दुसरा निघाला, ह्याचा घोडा एवढा पळतो, त्याचा तेवढा, तर दोघं कुठं भेटतील? एका विहिरीवर दोन मोटा चालू, त्यातल्या एका मोटेचा बैल दुपारून बसला, तर रान भिजायला किती वेळ लागेल? त्या बैलाचा मला असा काही राग यायचा, की समोर असता तर शेपूट पिरगाळली असती. दुसरा भाग वाचनाचा. साहेब समोर एक अर्ज टाकणार. तो मोठ्यानं वाचायचा, एकदाच. मग कागद पालथा ठेवून एका वाक्यात सांगायचं की कोण काय मागतो. ह्याला म्हणायचे खुलासा. खुलाशात माणसाचं नाव घ्यायचं नाही, गावाचं नाही. एक अर्जदार आणि एक सामनेवाला, बस्स. बाकी सगळं पाल्हाळ समजून सोडून द्यायचं.

वाचनाचा सराव मी कचेरीबाहेरच्या एका म्हाताऱ्या मुन्शीकडं करायचो. लिंबाखाली सतरंजी टाकून ते लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. गिऱ्हाईक बोलायचं, हे आधी कच्चं लिहायचे, मग मुद्रांकावर पक्कं करायचे. तो कच्चा कागद माझ्या वाट्याला यायचा. त्यातली नावं मुन्शीजी खोडून टाकायचे आणि वर लिहायचे, 'फलाना'. गिऱ्हाइकाचं गुपित म्हणजे त्यांना इमान होतं. शिकवणीबद्दल काही घ्यायचे नाहीत. वर माझ्या उच्चारांची टर उडवायचे. म्हणायचे, "बेटा, तेरी उर्दू में लातूर की तूरडाळ पडलेली हाय." त्यांचा एक नेम मात्र कडक होता. एक कागद एकदाच. दुसऱ्यांदा मागितला तर म्हणायचे, साहेब काय तुझा मामा आहे काय?

इम्तहानाच्या अर्जासोबत चालचलनाचा दाखला जोडावा लागायचा. आपण किंवा आपलं कुणी नातलग चळवळीत नाही, असं आपल्याच हातानं लिहून द्यायचं. मी लिहून दिलं. पण कंधारला माझी अक्का दिलेली होती आणि दाजींचं काही खरं नव्हतं. दाजी एका पायानं लंगडत. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथं दोरा बांधून कानाला अडकवलेला. असा हा माणूस आपल्या गोठ्यात पोरं गोळा करून विनापरवाना मराठी शिकवायचा. सरहद्दीपलीकडची माणसं त्यांच्याकडं जेवून जातात, असंही कानावर होतं. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर दाखला खोटा झाला असता, आणि ही माझी हुशारी बघा, न विचारल्यानं तो खरा राहील असं मी धरून चाललो होतो.

परवावर इम्तहान आला होता, त्या दुपारची गोष्ट. लिंबाखाली शेजारच्या बाकावर दोन शिपाई पान लावत बसले होते. मुन्शीजींनी एक कागद पुढं केला. "पढ."

मी सुरू केलं. अर्जदाराचं म्हणणं असं, की त्याचा भाऊबंद फलाना हा सरकारच्या वाईटावर आहे. गोठ्यात परवान्याशिवाय शाळा चालवतो. परक्या मुलखातली माणसं त्याच्या घरी अन्न खातात. ओळख म्हणून लिहिलं होतं, पायानं लंगडा, ऐनकेला धागा. मी सरसर वाचत गेलो, एका जागी अडखळलो नाही. कागद पालथा घातला आणि खुलासा ठोकला, "अर्जदार सरकारला विनंती करतो की सामनेवाल्याच्या घराची झडती व्हावी."

मला काहीही कळलं नव्हतं. शपथेवर सांगतो, त्या पहिल्या वेळी नाहीच. घोकून घोकून माझ्या डोक्याला अशी सवय लागली होती, की पाय, चष्मा, गोठा हे सगळं पाल्हाळ म्हणून आपोआप गळून जायचं. उलट मला वाटलं, आज मुन्शीजी शाबास म्हणतील.

ते म्हणाले, "फिर पढ."

मी चपापलो. आजवर असं कधी झालं नव्हतं. कुठला शब्द चुकला? मी परत वाचला, आणखी वेगानं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, शिपायांकडं एकदा पाहिलं. "फिर."

आता मात्र मी वैतागलो. मनात म्हटलं, म्हाताऱ्याला लागलंय वेड. तिसऱ्यांदा वाचायला घेतला आणि एका ओळीवर आलो: 'और ससुराल उसकी शहर लातूर में है.'

दोनदा ती ओळ माझ्या तोंडून गेली होती. तिसऱ्यांदा जीभ टाळूला चिकटली. लंगडा, धागा, गोठा, लातूर. बाकावरचा एक शिपाई पानाला चुना लावता लावता थांबला, की मला तसं वाटलं, देव जाणे. मी उरलेल्या ओळी वाचून टाकल्या. आवाज माझा मलाच लांबून ऐकू येत होता.

"क्या समझा?" मुन्शीजींनी हळू विचारलं.

अर्ज त्यांनीच लिहिला होता, आणि कंधारच्या माझ्या लंगड्या दाजींविषयी मी कधीतरी गप्पांत त्यांच्यापाशी बोललो होतो. लिहिणं हा त्यांचा धंदा, ते नाही म्हणू शकत नव्हते. सांगणंही इमानात बसत नव्हतं. आता वाटतं, सराव म्हणून तो कागद माझ्यापुढं ठेवणं, एवढंच त्यांच्या हातात होतं, आणि ते त्यांनी शिपायांच्या देखत केलं.

मी म्हणालो, "अर्जदार विनंती करतो, की सामनेवाल्याच्या घराची झडती व्हावी."

त्यांनी कागद घेतला, चार घड्या घातल्या. "पास हो जाएगा तू," म्हणाले.

रात्रभर मी स्वतःला समजावत होतो, की लातूरची सासुरवाडी असलेले लंगडे शंभर असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार-अड्ड्यावर गेलो. कंधारची मोटार उभी होती. पुढच्या बाकावर एक पोलीस बसलेला दिसला. तो आपल्या घरी चालला असेल, सासरी चालला असेल, मला काय ठाऊक? पण माझं धाबं दणाणलं. मी चढलो आणि कुणी विचारलं, उद्या इम्तहान आणि आज कंधारला कशाला, तर? दाखला माझ्या हातचा. नोकरी तर गेलीच, वर मीही आत. मोटार माझ्यासमोर निघाली, धुरळा बसेपर्यंत मी तिथं उभा होतो. मग खोलीवर येऊन दिवसभर त्या बैलाचं गणित सोडवत बसलो. उत्तर बरोबर आलं.

इम्तहान उत्तम झाला. हे लिहायची लाज वाटते, पण झाला. घोडेस्वार कुठं भेटले ते मी झटक्यात सांगितलं. वाचायला दोन भावांच्या पाणंदीचा अर्ज आला. खुलासा ऐकून साहेब खुर्चीत पुढं सरकले आणि म्हणाले, "बहुत खूब." तेव्हा माझ्या अंगात जो आनंद भरला, त्यात अक्का नव्हती, दाजी नव्हते, कुणी नव्हतं. बाहेर पडलो आणि मग आठवलं. तडक अड्ड्यावर गेलो, दुपारची मोटार धरली.

कंधारला उतरलो तेव्हा दिवस कलला होता. अक्काच्या दारात बायका जमलेल्या. गोठ्यातल्या पाट्या फुटून पडल्या होत्या. पोलीस त्याच दिवशी सकाळी येऊन दाजींना घेऊन गेले होते. अक्का भिंतीला टेकून बसली होती. मला बघितलं आणि उठली.

"आज तुझा इम्तहान होता न्हवं?" ती म्हणाली.

मी खाली बघून वहाणा काढू लागलो.

"कळल्या कळल्या इम्तहान टाकून पळत आलास?"

सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. मला त्या क्षणी शिपायांपेक्षा, साहेबापेक्षा, गोदावरीच्या पाण्यापेक्षा अक्काची भीती वाटली. मी म्हणालो, "हाव."

तिनं माझ्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. शेजारची म्हातारी म्हणाली, "भाऊ असावा तर असा." माझ्या त्या एका 'हाव'नं मी बांधला गेलो तो गेलोच. लातूरला ही बातमी माझ्याआधी पोचली. वडील मला शिव्या घालतील, म्हणजे तेवढं तरी प्रायश्चित्त होईल, असं वाटलं होतं. तर त्यांनी पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "नोकऱ्या लई मिळतील." ज्यांनी मला नदी दाखवली होती, ते हे बोलले.

निकाल लागला तेव्हा मी नांदेडला खोली रिकामी करायला गेलो होतो. मुन्शीजी म्हणाले, "नाम है तेरा. तीसरा."

मी म्हणालो, "मी जाणार नाही."

"अब जा के क्या," ते म्हणाले, "और न जा के क्या." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळले.

नेमणुकीचा कागद त्या खोलीवरच आला, तो मी नदीत सोडला. घेतला असता तर इम्तहान दिला होता हे उघडं पडलं असतं. ज्या नोकरीपायी मी दाजींना पकडू दिलं, ती नोकरीही मला घेता आली नाही. पुढं निजामाचं राज्य गेलं, दाजी सुटून आले, पण तुरुंगातला खोकला घेऊन आले आणि दोन पावसाळ्यांत संपले. मला भेटले तेव्हा त्यांनी माझे दोन्ही हात धरले होते. "आमच्यापायी तुमचं नुकसान झालं," म्हणाले. त्यांना सांगायला हवं होतं. तोंड उघडलं, पण अक्का दारात उभी होती.

मी शाळामास्तर झालो. अक्का दर भाऊबीजेला ही गोष्ट आधी पोरांना, मग नातवंडांना सांगायची. भावानं बहिणीसाठी सरकारी नोकरीवर पाणी सोडलं, म्हणून. मी चिडायचो, म्हणायचो, पुरे आता तुझं पुराण. पोरांना वाटायचं, आजोबा लाजले. आता अक्का नाही, म्हणून हे लिहितोय. ती असताना लिहायची माझी छाती नव्हती.

तिच्या शेवटच्या भाऊबीजेला मी कंधारला गेलो होतो. तिला नीट दिसत नव्हतं. ओवाळायचं ताट हातात घेऊन तिनं त्यातली सुपारी चाचपून पाहिली. मग म्हणाली, "एक दिस आधी तुला कळलं असतं तर तू एक दिस आधी आला असतास. त्यांना कुठंतरी पोचवलं असतंस. पर माणसाला कळायला तर पायजे, तुझा काय दोष?"

"हाव," मी म्हणालो. तिनं मला ओवाळलं.