बाराजणींना घेऊन लातूरला

उमरी स्टेशनावर सकाळची गाडी दोन मिनिटं थांबते. तेवढ्या वेळात बारा मुली, त्यांच्या पिशव्या, प्रथमोपचाराची पेटी आणि धपाट्यांचा डबा एवढं सगळं डब्यात चढवायचं होतं. मी दारात उभी राहून डोकी मोजत होते. गाडी हलली तेव्हा अकराच डोकी भरली होती. बारावी, म्हणजे कर्णधार सुजाता, पुढच्या दारानं चढून खिडकीशी जाऊनही बसली होती.

"ताई, एवढ्या जोरात नका मोजू," ती म्हणाली, "लोकं बगून राहिले."

सरळ सांगते, मला खो-खोतलं काही कळत नव्हतं. मी नांदेडला कायद्याचं शिकते, एका संघटनेचं काम करते आणि पत्रकं लिहिते. उमरीच्या मुलींचा संघ विभागीय स्पर्धेसाठी लातूरला निघाला, तेव्हा माधव सरांचा फोन आला. सर गेली कित्येक वर्षं शाळेमागच्या मैदानावर पहाटे मुलींना पळवतात.

"प्रज्ञा, मुलींच्या संघासंगं बाई लागते. आमच्या घरचीचा पाय मुरगळला. तू चल."

"सर, मला खेळातलं…"

"खेळायचं न्हाई. सही करायची हाय."

खरं तर आम्ही रेल्वेनं जाणार नव्हतो. संघातल्या वैष्णवीच्या वडिलांची, दिगंबररावांची जीप ठरली होती. ऐन वेळी त्यांनी नाही म्हटलं. ते का, हे समजायला आमचं गाव समजून घ्यावं लागेल. लोकसभेच्या निवडणुकीपासून, दिल्लीत कोण बसलं यावरून उमरीत कुणी कुणाच्या दुकानात बसायचं हे ठरायला लागलं. आता आमच्याकडे सगळं दोन-दोन आहे. दोन व्यायामशाळा, दोन जयंती समित्या, दोन वाचनालयं (कुलूप दोन्हींना). राहिला होता एक खो-खोचा संघ. गेल्या महिन्यात दिगंबरराव आणि त्यांच्या बाजूच्या लोकांनी जाहीर केलं की स्पर्धेनंतर आपल्या मुलींचा वेगळा संघ काढू. दुसऱ्या बाजूनं उत्तर दिलं, खुशाल काढा. त्या दुसऱ्या बाजूचं, संघ फोडणाऱ्यांवरचं जळजळीत पत्रक मी लिहिलं होतं. त्याचा मला अभिमानही होता.

मुदखेडच्या अलीकडे मी सुजाताला सहज विचारलं, "वाटणी झाली तर तुझ्याकडे कितीजणी येतील?"

"सहा."

"आणि तिकडे?"

"सहाच की. बाराच हाव आमी."

"मग बरोबर आहे ना?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं आपण तिकीट न काढता बसलेल्याकडं बघतो. "ताई, मैदानात नऊजणी लागतात."

संघ फुटू नये म्हणून कागदाच्या पाठपोट छापलेलं पत्रक लिहिणाऱ्या बाईला खेळात किती माणसं लागतात हे माहीत नव्हतं.

नांदेडला उतरून आम्ही बसस्थानकापर्यंत चालत गेलो आणि लातूरची लाल गाडी धरली. लोहा सोडल्यावर रस्ता हळूहळू चढू लागतो. माळाकोळीच्या पुढे दोन्हीकडं काळी रानं, हिरवागार हरभरा, बांधावर उभ्या केलेल्या तुरीच्या पेंढ्या. मुलींनी धपाटे (ज्वारीच्या पिठात मेथी-तीळ घालून थापलेली भाकरीसारखी पोळी) काढले आणि अख्ख्या बसला ठेच्याचा वास कळला. पुढच्या सीटवरच्या पांढऱ्या मिशीच्या आजोबांना एक दिला.

"टीम का?" त्यांनी विचारलं. "कुणाची टीम?"

"उमरीची."

"ते झालं. पण कुण्या पुढाऱ्याची?"

"मैदानाची," सर म्हणाले.

आजोबांनी धपाटा खाल्ला, पण उत्तर त्यांच्या गळी उतरल्याचं दिसलं नाही. अहमदपूरच्या स्थानकावर बस पंधरा मिनिटं थांबली. उपाहारगृहातल्या टीव्हीवर सहा चौकटींत सहा माणसं एकाच वेळी ओरडत होती. चहावाल्यानं आवाज बंद करून ठेवला होता. मी कारण विचारलं. "गिऱ्हाईक उभं राहून बघतंय, अन् मंग आपसात भांडून चहा न पिता जातंय," तो म्हणाला.

लातूरला पोचता पोचता माझ्या एक गोष्ट लक्षात आली. आमच्याकडं चौकातल्या फलकांवर पुढाऱ्यांचे चेहरे असतात. इथं शिकवण्यांच्या फलकांवर मुलामुलींचे चेहरे, खाली त्यांचे गुण. तेही काही फार सुखाचं नाही, त्या चेहऱ्यांवर झोप कमी दिसते. पण मुलं फलकावर शोभेसाठी एका कोपऱ्यात नसतात, एवढं खरं. आमची सोय एका शाळेच्या वर्गात होती. सकाळी समोरच्या गाड्यावर सुशीला (मुरमुरे भिजवून फोडणी दिलेला नाश्ता) मिळाली, वर शेंगदाण्याचं कूट आणि लिंबू. बाराजणींनी गाडा रिकामा केला.

उपांत्य सामन्यात मी पहिल्यांदा खो-खो नीट पाहिला. आठजणी मधल्या पट्टीत रांगेत बसतात, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. नववी पाठलाग करते. तिला मागं वळता येत नाही आणि पट्टी ओलांडताही येत नाही. प्रतिस्पर्धी दुसऱ्या बाजूला निसटली की तिनं बसलेलीच्या पाठीवर थाप मारून 'खो' द्यायचा. बसलेलीला मागचं दिसत नसतं. पाठीवर थाप पडली की उठून सुटायचं, एवढंच तिच्या हातात.

माझ्या शेजारी एक निवृत्त शिक्षक बसले होते, मांडीवर टोपी ठेवून. पाचेक मिनिटांनी ते म्हणाले, "बाई, तुमची ती उंच पोरगी चांगली पळते. पण मधल्या पोरीला खो देतच न्हाई. दोनदा हातातला गडी सोडला. कामून (का)?"

उंच म्हणजे वैष्णवी. मधली म्हणजे सुजाता. मी पाहू लागले आणि मलाही दिसलं. सुजाताच्या अगदी पुढ्यात प्रतिस्पर्धी वळली, सुजाताला थाप मारली असती तर ती प्रतिस्पर्धी बाद होती. वैष्णवी तशीच पुढं धावत गेली आणि तिसरीला खो दिला. आम्ही एका गुणानं कसेबसे जिंकलो. मैदानाबाहेर वैष्णवी आणि सुजाता वेगवेगळ्या घोळक्यांत जाऊन पाणी प्यायल्या.

संध्याकाळी वर्गात मी मुलींना गोल बसवलं आणि बोलायला लागले. एकजूट, संधी, गावाचं नाव, फोडणाऱ्यांचे डाव. माझं दुसरं वाक्य संपायच्या आत मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, पत्रकासारखं नका बोलू."

वैष्णवीनं पिशवीतून खरोखरच पत्रक काढलं. चार घड्या पडलेलं, माझंच.

"हे तुमीच लिहिलं ना?"

"हो."

"ह्यात दलाल म्हणजे कोण?"

"त्यात कुणाचंही नाव नाही." चळवळीतल्या माणसाकडं याहून भित्रं वाक्य नसतं, आणि मी ते अगदी शांतपणे बोलले.

"नाव न्हाई, पण पत्ता हाय. 'मोंढ्याच्या तोंडावर बसलेले दलाल'. मोंढ्याच्या (धान्यबाजाराच्या) तोंडावर एकच दुकान हाय. बी-खताचं. आमचं." तिचा आवाज चढला नाही. "पप्पा दलाल न्हाईत. त्यांचा पक्ष तुमाला आवडत न्हाई, ते निराळं. आन् हिनं ते स्टेटसला ठेवलं."

"मी पुरतं वाचलंच नव्हतं," सुजाता म्हणाली. "प्रज्ञाताईनं लिहिलं म्हणून ठेवलं. आमच्या गल्लीत सगळ्यांनी ठेवलं."

सर दाराशी उभे होते. ते मदतीला आले नाहीत, आणि त्यांनी बरंच केलं. मी म्हणाले, "चुकलं माझं. संघ फुटू नये हे खरं. दलाल हे मी रागात लिहिलं, ते खोटं."

"मला नका सांगू. पप्पांना सांगा."

"सांगेन."

मग सुजातानं वैष्णवीला विचारलं, "उद्या मला खो देणार का न्हाई, तेवढं सांग."

"तू उठायला उशीर करतीस."

"उशीर? मी? तू थाप मारतीस का गोंजारतीस, तेच कळत न्हाई!"

मग अर्धा तास जे भांडण झालं ते निव्वळ खेळाचं होतं. कोण कुठल्या पायावर वळते, कोण खांबाजवळ घाबरते, कुणाचा खो पंचाला ऐकू जात नाही. सगळ्या बोलल्या, दोघी रडल्या, एकीनं दुसरीची नक्कल केली. माझ्या सभांमध्ये इतकं खरं कधी कुणी बोललेलं नाही. नंतर बाहेर जाऊन आम्ही निलंगा राईस (हळद-मिरचीचा फोडणीचा भात, वर झणझणीत रस्सा) खाल्ला आणि वैष्णवी-सुजाता दोघींच्याही नाकातून पाणी आलं.

अंतिम सामना निलंग्याकडच्या मुलींशी होता. चपळ पोरी. त्यांच्यातल्या दोघी आपसात कन्नड बोलत, त्यामुळं त्यांचे डावपेच आमच्या मुलींना कळत नव्हते. शेवटच्या पाळीत बरोबरी झाली. वैष्णवी पाठलागावर होती. त्यांची एक पोरगी वळसा घेऊन पट्टीपलीकडं निसटली, आणि वैष्णवीनं सुजाताच्या पाठीवर अशी थाप मारली की ती मला कठड्यापर्यंत ऐकू आली. सुजाता सुटली, खांबाकडं सूर मारला, मातीत आडवी झाली. तिची बोटं त्या मुलीच्या टाचेला लागली होती. पुढच्याच मिनिटात अजून एक बाद. दोन गुणांनी विजय.

शेजारच्या मैदानावर त्याच दुपारी किनवटच्या आश्रमशाळेची पोरं कबड्डीत पहिली आली. त्यांनी आमच्या मुलींसाठी टाळ्या वाजवल्या, आमच्यांनी त्यांच्यासाठी शिट्ट्या. नांदेड जिल्ह्याचा दिवस होता तो. एका जिल्ह्याला दोन कप मिळाले म्हणून कुणी कुणावर रुसलं नाही.

तासाभरात फोन वाजायला लागले. अभिनंदनाचा पहिला बॅनर आला. वर पुढाऱ्यांचे मोठे फोटो, खाली मुली. मुलींनी मोजल्या. सहा. मग दुसरा बॅनर आला. दुसरे पुढारी, उरलेल्या सहा. दोन्हींवर एकच वाक्य होतं: 'उमरीच्या विजयी संघाचे हार्दिक अभिनंदन'.

आधी हसल्या सगळ्या. मग वैष्णवीनं दोन्ही फोन शेजारी-शेजारी धरले आणि म्हणाली, "सहाजणींनी जिंकून दाखवा म्हणावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी किनवटची पोरं आणि आम्ही एकाच बसनं निघालो. कंडक्टर म्हणाला, "कप मांडीवर घ्या. सीट माणसाची हाय." नांदेडला दुपार झाली होती, पोटात कावळे ओरडत होते, म्हणून गुरुद्वाऱ्यात लंगरला गेलो. डोक्यावर रुमाल बांधून रांगेत बसलो. वाढणाऱ्या सरदारजींनी कप पाहिला आणि प्रत्येकीच्या हातावर एकेक पोळी जास्त ठेवली. तिथंच कळलं की उमरी स्टेशनावर दोन जीप येणार आहेत. दोन्हींना फुलं, दोन्हींना भोंगे. प्रत्येक जीप आपापल्या सहाजणींना नेणार.

"कसं करायचं?" मी सरांना विचारलं. मनात माझं निषेधाचं भाषण तयार होतं.

सर डाळ खात म्हणाले, "जश्या मैदानात बसतेत, तश्या बसतील."

उमरीला उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. स्टेशनबाहेर दोन जीप तोंडाला तोंड लावून उभ्या. एकीच्या स्टिअरिंगवर स्वतः दिगंबरराव. सुजातानं मुलींना रांगेत उभं केलं आणि बोट दाखवत गेली: इकडं, तिकडं, इकडं, तिकडं. कुणाला काही कळायच्या आत बाराहीजणी चढल्या. वैष्णवी कप घेऊन दुसऱ्या बाजूच्या जीपमध्ये. सुजाता दिगंबररावांच्या शेजारच्या सीटवर.

त्यांनी तिच्याकडं पाहिलं.

"कप कुठाय?" त्यांनी विचारलं.

"तिकडच्या गाडीत, काका."

"मंग त्यांच्या मागं चालवावं लागंल."

"हाव. न्हाईतर त्यांना थांबवा, कप इकडं घेते. मंग बिनकपाची वैष्णवी तिकडं बसायची न्हाई, पायी येईल."

मागून कुणीतरी हसलं. दिगंबररावांनी गियर टाकला. दोन्ही जीप एकामागं एक, दोन वेगळी गाणी वाजवत, सगळ्या गावातून गेल्या. मी मागून चालत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोंढ्यात दुकानावर गेले. ते बियाण्याच्या पिशव्या लावत होते. मी उभ्या-उभ्याच सांगितलं की दलाल हा शब्द खोटा होता, मी तो जाहीरपणे मागं घेते, नव्या पत्रकात तसं छापते.

त्यांनी आणखी एक पिशवी थप्पीवर ठेवली.

"नऊजणी लागतात, मला म्हाईत नव्हतं," ते म्हणाले. "पोरीनं रात्री जेवताना सांगितलं. आमच्या बैठकीत वीस माणसं होती. कुणालाच म्हाईत नव्हतं."

"मलाही नव्हतं," मी म्हणाले.

"संघ एकच राहील. मी आमच्या लोकांना सांगितलं." त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "पण तुमचं-माझं बोलणं न्हाई. माझ्या लेकीनं ते पत्रक चार घड्या घालून पिशवीत फिरवलं."

मला हे मान्य करावं लागलं, आणि त्यात काही अन्यायही वाटला नाही. या देशात सगळ्यांचं एकमत होईल असं मी लिहीत आले, आता लिहिणार नाही. माझा त्यांच्या पक्षावरचा राग कमी झालेला नाही, त्यांचा माझ्यावरचा तर नाहीच. नांदेडला परत जाण्याआधी आठवडाभर मी उमरीत होते आणि रोज पहाटे मैदानावर जात होते. दिगंबरराव त्या कडेला उभे असायचे, हाताची घडी घालून, आणि मी या कडेला. मध्ये आठजणी बसलेल्या, एक धावत असलेली. आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो. खेळ इतका वेगात चालतो, की बघायला वेळच मिळत नव्हता.