दोन वायरींची गाडी

कळव्याच्या कोळीवाड्यात गुणाजीला "हे जमेल का?" असं कुणी विचारत नाही, कारण उत्तर ठरलेलं असतं. होडीचं इंजिन असो नाहीतर शेजारणीचा मिक्सर, गुणाजी आधी "त्यात काय!" म्हणतो आणि मग आत काय आहे ते बघतो. यंदा मात्र या सवयीने त्याला चांगलंच गोत्यात आणलं.

त्याची बायको चंद्रभागा डोंबिवलीत मासळी विकते. गुडघ्यांनी दगा दिल्यावर डोक्यावरची पाटी सुटली आणि जुनी व्हॅन आली. या उन्हाळ्यात व्हॅनचं इंजिन बसलं. आंबिवलीच्या साईनाथने आपल्या गॅरेजात दुसऱ्या गाडीचं नव्या पद्धतीचं इंजिन बसवून दिलं. जुनं इंजिन स्वतःच पेट्रोल ओढून घ्यायचं. नव्याला टाकीत विजेवरचा पंप हवा होता.

"वायरिंग मी करतो. त्यात काय!" गुणाजी म्हणाला.

चंद्रभागेने तिथेच ऐकवलं, "नारळी पौर्णिमेला नवा हंगाम. तवर गाडी चालली नाय, तर मी धंदा सोडला. मंग बसू दोघं घरात तोंडाकडे तोंड बघत."

ती उगाच बोलणारी बाई नव्हे. गुणाजी मनातून हादरला, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

त्याने वायरी जोडल्या. व्हॅन सुरू झाली, गॅरेजच्या फाटकापर्यंत गेली आणि आचके देत बंद पडली. साईनाथने पंप बदलला, फिल्टर बदलला, टाकी धुतली. तरी रड तीच.

"काका, पेट्रोलच पुरत नाहीये तिला," तो वैतागून म्हणाला.

गुणाजी इंजिन चालू ठेवून सीटवर बसून राहिला. समोर एक म्हैस आडवी आली म्हणून त्याने हॉर्न दाबला, आणि इंजिन अडखळलं. हात काढला, सावरलं. पुन्हा दाबला, पुन्हा अडखळलं. दिवे लावले, तर पार बंदच पडलं.

"पेट्रोल गेलं खड्ड्यात," तो ओरडला, "हिची वीज परत येत नाय!"

गाडीत वीज वायरीने जाते आणि लोखंडी बॉडीतून बॅटरीकडे परत येते. या व्हॅनच्या बॉडीत मात्र इतकी वर्षं बर्फाचं आणि मासळीचं खारट पाणी मुरलेलं. खालचा पत्रा पापडासारखा झाला होता. त्यातून येऊन येऊन वीज येणार किती? एक हॉर्न वाजला की पंप उपाशी.

"होडी लाकडाची," गुणाजी म्हणाला. "तिच्यात जायला एक वायर, यायला एक. हिलापण तसंच करू."

"अहो, गाडीला कुणी दोन-दोन वायरी टाकतं का?" साईनाथ हसला, पण हसता हसताच त्याने जमिनीवर गोणपाट अंथरलं आणि पक्कड घेऊन गाडीखाली शिरला.

अडचण वायरीची होती. साधी वायर खाऱ्या पाण्यात हिरवी पडून सडते. कलई केलेली जाड वायर हवी, आणि तसली गुणाजीकडे एकाच ठिकाणी होती. खाडीच्या काठावर त्याची होडी वर्षानुवर्षं पालथी पडली आहे. पुढच्या हंगामात पाण्यात घालतो, असं तो दर हंगामात सांगतो. तिचा एक खिळाही त्याने कुणाला काढू दिलेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच तिकडे गेला आणि वायरींची भेंडोळी खांद्यावर टाकून परतला.

नारळी पौर्णिमेला व्हॅन कोळीवाड्यात उभी होती. होडीला लावायचं हळदकुंकू ताटात घेऊन चंद्रभागा निघाली होती. व्हॅनच्या उघड्या दारातून तिला जाळ्याच्या दोऱ्याने घट्ट बांधलेल्या वायरी दिसल्या. होडीतल्या वायरींवरची ती गाठ तिच्या ओळखीची होती.

"अवो, ही वायर होडीची?"

"हां."

"मंग होडी?"

"ती आता जात नाय गो पाण्यात. मलापण ठावं होतं. बोलवत नव्हतं."

चंद्रभागेचे डोळे भरून आले. ती होडीकडे गेली नाही. तिने व्हॅनच्या नाकावर हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, आणि पुढच्या सीटवर चढून बसली.

"चला," ती म्हणाली.

गुणाजीने किल्ली फिरवली, दिवे लावले आणि हॉर्नवर हात ठेवला. सगळा कोळीवाडा कानांवर हात ठेवून बाहेर आला, तरी त्याने हात काढला नाही. इंजिन चालूच राहिलं.