गायत्रीची गोधडी

सुरतेतल्या खानदेशी लोकांच्या नवागामात कुणाच्या घरी माणूस आजारी पडलं, की घरचे आधी देवाला नारळ कबूल करायचे आणि मग धुरपदाबाईकडे निरोप धाडायचे. देवावर भरवसा कमी होता असं नाही, पण दवाखान्याच्या मागच्या दाराची कडी काही देवाच्या हातात नव्हती. ती धुरपदाबाईच्या हातात होती. पर्वत पाटियाकडच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात ती आया होती, तीही भाजलेल्यांच्या वॉर्डात. नवरा धुडकू मागावर काम करता करता खोकून खोकून गेला, मुलगा भूपेंद्र बायकोला घेऊन भेस्तानला वेगळा राहिला. मागे उरली ती आणि तिचा वॉर्ड.

आता खानदेशी माणसाची भेटायला जायची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. दारातून डोकावून परत फिरला तर तो भेटायला गेला असं कुणी म्हणत नाही. खाटेवर टेकायचं, कपाळावरून हात फिरवायचा, केळं सोलून आजाऱ्याच्या तोंडात घालायचं. जो गेला नाही त्याच्या नावानं भाऊबंद वर्षभर बोटं मोडतात. आणि या वॉर्डाच्या दारावर तर मोठ्ठी पाटी, भेटायला मनाई. पाटीपेक्षा कडक मंजुलाबेन सिस्टर. तिला लेकरूबाळ नाही म्हणून ती इतकी कोरडी, असं धुरपदाबाईनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं. सिस्टर चहाला गेली की ही मागचं दार किलकिलं करायची. "पटकन या बरं, आणि चपला बाहेर!" चपला बाहेर निघाल्या की तिच्या लेखी सगळी स्वच्छता झाली. त्या बदल्यात नवागामात तिला केवढा मान! लग्नाची पहिली पत्रिका तिच्या घरी, बारशाला पाळण्याची दोरी तिच्या हाती. एकट्या बाईला आणखी काय हवं असतं?

सुरतेत प्लेग आला त्याच्या आदल्या हिवाळ्यात पुष्पाबाईची गायत्री वॉर्डात आली. पुष्पाबाई धुरपदाबाईच्याच गल्लीतली, गावाकडूनही शेजारची. आंघोळीचं उकळतं पातेलं उचलताना पोरीचा पाय घसरला आणि पाठ, मांड्या सोलून निघाल्या. पण डॉक्टर म्हणाले, वाचेल. डाग राहतील, पण पोर चालत घरी जाईल. पोर होतीही तशीच जिवट. पालथी पडून धुरपदाबाईशी गुजरातीत गप्पा मारायची. "मावशी, आवता वर्षे गरबा रमाशे ने?" पुढच्या वर्षी गरबा खेळता येईल ना, एवढीच तिला काळजी.

फक्त थंडी तिला सोसायची नाही. सुरतेत थंडी ती काय, पण अंगावरची कातडीच गेल्यावर माणसानं कशानं ऊब धरायची? जखमेला कापड चिकटू नये म्हणून खाटेवर लोखंडी कमान, कमानीवर वाफवलेली पांढरी चादर. त्या चादरीखाली पोर कुडकुडायची. "मावशी, माले थंडी वाजी ऱ्हायनी वं." धुरपदाबाईचं काळीज तुटायचं. सिस्टर यायची, उबेसाठी विजेचा दिवा लावून कमानीखाली ठेवायची आणि निघून जायची. पोरीच्या डोक्यावरून हातसुद्धा फिरवायची नाही.

पुष्पाबाईनं एक दिवस मागच्या दाराशी गोधडी आणून दिली. जुनी, मऊ, शेकडो वेळा धुतलेली. "अक्का, एवढी तिले दी दे. मना सासूना लुगडास्नी शे. तिन्हामा घरनी ऊब शे."

आपल्याकडे बाळंतीण, तान्हं पोर, तापकरी म्हातारा, सगळ्यांना औषध म्हणून आधी आजीच्या लुगड्याची गोधडीच मिळते. तिच्यात काही वाईट असेल हे आपल्या स्वप्नातही येत नाही. धुरपदाबाईनं ती लुगड्याखाली पोटाशी बांधली आणि "या वयात दिवस राहिले गं मला" असं स्वतःशीच हसत वॉर्डात शिरली. कमान बाजूला केली, गोधडी पोरीच्या अंगावर टाकली. गायत्रीनं एक लांब श्वास सोडला आणि डोळे मिटले. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा अशी गाढ झोपली. पुष्पाबाईही आत आली, लेकीच्या पाठीशी बसली, गोधडीवरून हात फिरवत राहिली. धुरपदाबाईला वाटलं, डॉक्टरनं केलं नाही ते आपण केलं.

डॉक्टर यायच्या आत ती गोधडी काढून कपाटामागे ठेवायची, ते गेले की पुन्हा घालायची. थोड्याच दिवसांत गायत्रीच्या पट्ट्या हिरवट दिसू लागल्या. उग्र, गोडसर वास सुटला. ताप चढला, पोर बरळू लागली. सिस्टरनं पट्टी बदलताना कमानीखाली दोऱ्याचा एक लाल तुकडा पाहिला, मग कपाट ओढून गोधडी बाहेर काढली.

"मासी, आ कोण लाव्युं?" हे आणलं कुणी?

धुरपदाबाई शिव्यांची वाट पाहत उभी राहिली. पण मंजुलाबेन मटकन स्टुलावर बसली आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "चमडी अपना दरवाजा होती है मासी. इस लडकी का दरवाजा जल गया. इसलिए हमको दरवाजा बनना पडता है. मैं उसको हाथ नहीं लगाती, तुमको लगता होगा कि माया नहीं है मुझे." असं म्हणून ती रडली. धुरपदाबाईनं तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

गायत्री गेली. डॉक्टरांनी धुरपदाबाईला सगळ्या सिस्टरांदेखत झापलं आणि शेवटी असंही म्हणाले, की जखमेत जंतू गोधडीनं गेले, हातांनी गेले, की आणखी कशानं, हे आता कुणी सांगू शकणार नाही. पण तिला कुणी सांगायला नकोच होतं. तिला कळलं होतं.

सिस्टरनं गोधडी जाळायला सांगितली होती. तेवढं तिच्यानं झालं नाही. तिनं ती उकळून काढली, वाळवली आणि सगळं सांगायचंच असं ठरवून पुष्पाबाईच्या घरी नेली. पुष्पाबाई तिच्या गळ्यातच पडली. "तू व्हती म्हनीसन मनी पोर थंडीमा नही गयी, अक्का." जमलेल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले, धुरपदाबाईचे गुण गायले. पुष्पाबाईनं गोधडी छातीशी धरली होती, लेकरू धरावं तशी. सांगायला आणलेलं सगळं तसंच पोटात घेऊन धुरपदाबाई घरी आली.

पुढे प्लेग आला. अर्धं नवागाम मिळेल त्या गाडीनं खानदेशात पळालं आणि यथावकाश परतलं. शहर झाडून पुसून लख्ख झालं. धुरपदाबाईही बदलली, पण तिचं कारण वेगळं होतं. मागच्या दाराला तिनं कुलूप मागून घेतलं आणि पुढच्या दारात स्टूल टाकून बसू लागली. भाऊबंद असो की पंच, आत कुणी नाही. "काचेतून बघा. केळी घरी न्या." हात तर ती इतके धुवायची, की बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. नवागाम म्हणालं, बाईला सिस्टरचं वारं लागलं. गरज सरो वैद्य मरो, तसं झालं. पत्रिका यायच्या थांबल्या. भूपेंद्रसुद्धा म्हणाला, "आई, माणसं तोडून कसं चालेल?" तिला फार लागलं ते. रिकाम्या घरात ती त्यावर रडलीही, पण सकाळी स्टुलावर जाऊन बसली.

मग एका हिवाळ्यात पुष्पाबाईचा गजेंद्र आला. रंगाच्या मिलमध्ये कढत पाण्याचा पाइप फुटून छाती आणि हात भाजलेले. डॉक्टर म्हणाले, वाचेल. नेमके तेच शब्द.

दुसऱ्या दिवशी पुष्पाबाई दारात उभी. काखेत तीच गोधडी.

"आत नाही जायचं, पुष्पे."

"बरं, मी नही जात. एवढी गोधडी दे."

"गोधडीही नाही."

पुष्पाबाईला वाटलं, अक्का थट्टा करते. मग ती गयावया करू लागली, मग तिचा आवाज चढला. "गायत्रीले दिधी व्हती ना तू? मंग मना गजूले काब्र नही? मना एकच पोऱ्या उरना शे!"

ती आत घुसायला गेली तेव्हा धुरपदाबाई दोन्ही हात चौकटीला लावून आडवी उभी राहिली. येणारेजाणारे थांबले. पुष्पाबाईनं तिच्या मेलेल्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिलेल्या लेकापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. एका वाक्यात ती परत फिरली असती. ते वाक्य धुरपदाबाईच्या जिभेवर होतं. पण ते ऐकून ती बाई पुढे जगली कशी असती? आपल्या हातानं शिवलेली, आपल्या हातानं आणून दिलेली ऊब! धुरपदाबाईनं शिव्या पदरात घेतल्या आणि दार सोडलं नाही. शेवटी पुष्पाबाईनं गोधडी तिच्या पायाशी फेकली आणि अंगणातल्या लिंबाखाली जाऊन बसली. ती रोज तिथंच बसायची, धुरपदाबाईकडे पाठ करून.

गजेंद्र बरा झाला. छातीवर नवी, गुलाबी कातडी धरली. घरी सोडलं त्या दिवशी धुरपदाबाईनं धुऊन, उन्हात घालून घडी केलेली गोधडी पुष्पाबाईपुढे धरली. पुष्पाबाईनं ती हिसकावून घेतली, चार पावलं गेली आणि वळली.

"तुनं काळीज दगडनं व्हई गयं, अक्का. पन एक खरं सांग. मनी गायत्रीले ऊब भेटनी व्हती ना? मना जीव तेवढावरच शे."

धुरपदाबाईनं भेगाळलेले हात पदराआड घेतले.

"भेटनी, माय. गोधडी टाकी अन् लागलीच झोपनी ती."

पुष्पाबाईनं मान हलवली, गोधडी लेकाच्या खांद्यावर टाकली आणि दोघं रिक्षात बसून गेले. धुरपदाबाई त्या रिक्षाकडे कितीतरी वेळ बघत राहिली. ती खोटं बोलली नव्हती. गायत्री खरोखरच झोपली होती.