पांढरा रुमाल

काळा धूर ओकणारा ट्रक दिसला की मला धवळे सर आठवतात. डिझेल इंजिनात शिरणारी हवा भोवऱ्यासारखी फिरावी, इंधन पुरतं जळावं, म्हणून पिस्टनवरच्या खळग्याचा आकार ते अकरा वर्षं बदलत राहिले. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी त्यांचा सहायक.

एका दुपारी इंजिन सुरू झालं. सरांनी सायलेन्सरपाशी रुमाल धरला, तो पांढराच राहिला. सर लहान मुलासारखे हसले.

तेवढ्यात प्राचार्य आले. "छान! पण सोमवारपर्यंत हे हलवा. इथे बॅटरीच्या गाड्यांची प्रयोगशाळा होतेय."

"तुला माहीत होतं?" सरांनी मला विचारलं.

"नाही, सर."

त्यांनी विश्वास ठेवला. नव्या प्रयोगशाळेचा प्रस्ताव मीच लिहिला होता. क्रूर व्हायला माणसाला राग यावा लागत नाही.