भोंग्याच्या आवाजाएवढं गाव

खात्या नंदुरबारला आला तो सागाच्या खांबांबरोबर. १९३८ सालच्या होळीनंतरची गोष्ट. गावात नुकतीच वीज आली होती आणि वीज कंपनीला तारा ओढायला खांब हवे होते. सातपुड्यातून बैलगाड्या निघाल्या, शहादा, प्रकाशा करत तापी ओलांडून आल्या. त्यातल्या एका गाडीवर तोरणमाळकडचा हा पावरा आदिवासी तरुण, वय अठ्ठावीसच्या आसपास. खांब उतरवायचे आणि ज्वारीच्या पेरणीआधी घरी परतायचं, एवढाच त्याचा बेत. मागे बायको होती, भुरीबाई, आणि भाऊ सुकराम.

दुसऱ्याच दिवशी एका उभ्या खांबाच्या टोकाला दोरखंड अडकला. शिडी पोचेना. खात्या कुणी सांगायच्या आत वर गेला, दोर सोडवला आणि खाली उतरला. मधाची पोळी काढायला तो याहून उंच आणि वाकड्या झाडांवर चढत आला होता. त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही. पण खाली बन्सीलाल मिस्तरी उभा होता, आणि त्याच्या शेजारी कंपनीचे मॅनेजरसाहेब.

त्याच दुपारी ऑफिसात एक कागद पुढे आला. साहेबांनी तो मराठीत वाचून दाखवला. ती शाळा-कचेरीची मराठी, खात्याच्या कानांवरून वाऱ्यासारखी गेली. त्याला कळलं ते एवढंच की हे काम शिकवतील, आणि शिकणाऱ्याला इथे उमेदवार म्हणतात. त्याने अंगठा दिला. एका उन्हाळ्याचं काम असेल अशी त्याची समजूत. कागदात पाच वर्षं लिहिली होती.

नियम त्याला एकेक करून कळत गेले. तार कुठेही तुटली की वीजघराचा भोंगा वाजे, आणि भोंगा वाजला की उमेदवाराने हजर व्हायचं. म्हणजे भोंगा जिथपर्यंत ऐकू जातो तेवढंच त्याचं जग. पावसाळा तोंडावर आला तसा तो एका सकाळी कुणाला न सांगता निघाला. प्रकाशाला तापीच्या काठावर नावेची वाट बघत बसला होता, तोच मागून सायकल हाणत बन्सीलाल आला. घामाने चिंब, धाप लागलेली. तो रागावला नाही. शेजारी बसला आणि आपल्या अहिराणीत म्हणाला, "कागदवर साक्षीदार मी शे. तू गया ते मन्ही नोकरी जाई."

बन्सीलालला चार मुलं होती. खात्याने नदीपलीकडे पाहिलं, मग उठला. परतताना बन्सीलालने सायकल हातात धरली आणि सगळी वाट त्याच्याबरोबर चालत आला.

दोन वर्षं खात्या चढत राहिला. चिनी मातीच्या वाट्या बसवायच्या, त्यांवर तांब्याची तार ताणायची, बांधायची. शिकणं म्हणावं असं याखेरीज काही झालं नाही. वीजघरात पाऊल टाकायची त्याला बंदी होती, फ्यूजच्या पेटीला हात लावायची बंदी होती. ही माणसं चढायलाच जन्मलेली असतात, त्यांना बाकीचं कशाला, असं साहेब म्हणत. पण वर गेलेल्या माणसाला एकच गोष्ट कळणं जरूर असतं, की हातातली तार मेलेली आहे की जिवंत. तार बघून ते कळत नाही. खालून बन्सीलाल ओरडे, "बंद शे, चढ," आणि खात्या त्या तीन शब्दांवर जीव ठेवून हात पुढे करी. आधी त्याला तार धरायची भीती वाटे, मग दुसऱ्याच्या शब्दाची वाटू लागली. ती भीती त्याला झोपडीत, जेवताना, कुठेही गाठी.

आणि १९४० च्या पौषात व्हायचं तेच झालं. कापसाचा हंगाम भरात होता. कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनाची तार ढिली झाली, म्हणून बन्सीलालने फ्यूज काढून पेटीवर ठेवले, खात्याला वर पाठवलं आणि वाटी आणायला कोपऱ्यावरच्या हातगाडीकडे वळला. तेवढ्यात जिनाचा मुनीम बाहेर आला. यंत्रं थांबलेली, फाटकाशी कपाशीच्या गाड्यांची रांग. पेटी उघडी दिसली, फ्यूज बाहेर दिसले. कुणीतरी विसरलं असं समजून त्याने ते परत बसवले.

खात्याचा डावा हात तारेवर होता. मुठीने तार धरली ती सुटेना, तोंडून आवाज निघेना. मग कसा कोण जाणे, पाय घसरला, अंगाच्या वजनाने हात सुटला, आणि तो कमरेच्या दोरावर उलटा लोंबकळत राहिला. खाली माणसं जमली. वर जायचं धाडस कुणाला होईना. बन्सीलाल धावत आला, फ्यूज उपसले आणि पन्नाशीचा तो माणूस स्वतः शिडी चढला.

खात्या वाचला. डाव्या हाताची दोन बोटं मात्र वाकडी झाली ती कायमची. निरोप मिळताच भुरीबाई डोंगरातून उतरून आली. तळहाताला पाला बांधत ती म्हणाली, "चल घरी."

"भोंगा वाजेल," खात्या म्हणाला. त्याला वेड लागलं असं तिला वाटलं.

तीन आठवड्यांनी भोंगा वाजलाच. तोच जिन, तीच तार. मॅनेजरसाहेब स्वतः आले होते, मुनीम आला होता. खात्या खांबापर्यंत गेला आणि बुंध्याशी मांडी घालून बसला. काय झालं म्हणून साहेबांनी विचारलं. त्याने फ्यूजच्या पेटीकडे बोट दाखवलं.

"ते माझ्या कमरेला," तो मोडक्या मराठीत म्हणाला, "मग मी वर."

साहेबांनी सांगून पाहिलं, की फ्यूज कंपनीचे, उमेदवाराने शिवायचे नसतात. मग कराराची आठवण दिली, पोलिसांचं नाव घेतलं. खात्या हलला नाही. त्याला पोलिसांची भीती नव्हती असं नाही. पण वरच्या तारेची भीती त्याहून मोठी होती, आणि दोन्हींच्या मध्ये बसायला ती एवढीच जागा होती. ऊन डोक्यावर आलं. रांगेतल्या गाडीवाल्यांनी बैल सोडले. शेवटी बन्सीलाल उठला, पेटी उघडली, तिन्ही फ्यूज काढले आणि साहेबांच्या देखत खात्याच्या हातात ठेवले. साहेबांनी तोंड फिरवलं. खात्याने ते धोतराच्या गाठीत बांधले आणि चढला.

त्यानंतर बन्सीलालने त्याला खरोखर शिकवायला घेतलं. तारेचा सांधा कसा वळायचा, दिवा लावून प्रवाह कसा तपासायचा, इंजिनाच्या आवाजावरून भार कसा ओळखायचा. वीजघराचं दार उघडलं, ते आपल्याला सोडवील असं खात्याला वाटलं होतं. झालं उलटंच. तो सगळं करू लागल्यावर कंपनीने दुसरा वायरमन ठेवला नाही. बन्सीलालची नजर अधू होत गेली, तसतसं गावाचं ओझं खात्याच्या खांद्यावर सरकत गेलं. भुरीबाई एकदा गेली, पुन्हा आली आणि मग राहिलीच.

१९४३ ला पाच वर्षं भरली. खात्या ऑफिसात जाऊन उभा राहिला. साहेबांनी दुसरा कागद काढला, हा सरकारचा होता. लढाई चालू आहे, वीजघरातल्या माणसाला परवानगीशिवाय काम सोडता येत नाही. "हे माझ्या हातात नाही," साहेब म्हणाले, आणि या वेळी ते खरं होतं. खात्या बाहेर येऊन ओट्यावर बसला. भांडायला समोर माणूसच उरला नव्हता.

लढाई संपली, कायदा उठला. १९४६ च्या होळीआधी त्याला मोकळीक मिळाली. त्याने गाठोडं बांधलं. भुरीबाई मात्र जागची हलली नाही. बाजारात ती डिंक नि चारोळी विकायला बसे, दोन लेकरं इथेच जन्मली होती, गल्लीतल्या बायकांशी अहिराणीत भांडण्याइतकी ती गावची झाली होती.

"तू हो पुढे," ती म्हणाली. "मी येते मागून."

ती येणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. तो एकटाच गेला. होळीला नाचला, ढोलाच्या तालावर पहाटेपर्यंत. सुकरामने शेताचा त्याचा वाटा दाखवला. मनात खोट न ठेवता दाखवला. पण वाकड्या बोटांत नांगराची मूठ बसेना, आणि आठ वर्षांत वाढलेली पोरं त्याला ओळखेनात. महिनाभर तो राहिला. मग एका सकाळी सुकरामला म्हणाला, "जातो."

"कुणी बोलावलं?" सुकरामने विचारलं.

"कुणीच नाही," खात्या म्हणाला, आणि घाट उतरू लागला.

पुढे वीस वर्षं तो नंदुरबारलाच वायरमन होता. दर उन्हाळ्यात आठ दिवस डोंगरात जाई. नवव्या दिवशी, कुणी थांब म्हणायच्या आत, निघालेला असे.