मीटरपाशी ऐकलेला बिघाड

जूनमधला एक रविवार, सकाळ. कोलकात्यात सॉल्ट लेकमधलं तिसऱ्या मजल्यावरचं घर. हजर: मी, म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करणारी; घरातली सून, जिचा कॉम्प्युटर होता; तिचा नवरा; आणि सासूबाई.

तक्रार एकच. सून घरून सेक्टर फाइव्हमधल्या एका ऑफिसचे कॉल घ्यायची आणि बोलता बोलता कॉम्प्युटर बंद पडायचा. माझ्या दुकानात तोच डबा दिवसचे दिवस चालायचा. ऑफिसने तिला शेवटचं बजावलं होतं: आणखी एक कॉल असा तुटला, तर काम बंद. ऑफिसात जाऊन बसायला नवरा सोडत नव्हता. नोकरी त्या डब्यावर टिकून होती.

मी तिच्या घरी गेले की तिथेही तो मुकाट चालायचा. कोलकात्यात आम्ही मराठी माणसं मूठभर. आपलं माणूस दारात आलं की पोहे होतात, 'या ताई, बसा ताई' होतं, आवाज खाली येतात. पॉवर सप्लाय बदलला, रॅम बदलली, यूपीएस बदलला. कॅबिनेटला खालच्या बाजूला पोचा होता. "रिक्षातून उतरवताना आपटला," असं नवरा म्हणाला होता, आणि मी ते मान्य करून पुढे गेले होते.

राहिलं होतं अर्थिंग. मीटर तळमजल्यावर. अशा वेळी मी एकाला मशीनपाशी बसवते, फोन चालू ठेवते आणि खाली तपासत राहते. बंद पडलं की त्याने 'गेला' एवढंच सांगायचं. रविवारीही तिची शिफ्ट असे. "रोजचं काम सुरू कर, फोन मात्र ठेवू नकोस," असं तिला सांगून मी चपला घातल्या आणि जिना उतरले. नवरा आंघोळीला गेला होता.

मीटरचं झाकण उघडतेय तोच फोनमधून त्याचा आवाज आला.

"गेली का ती बया?"

"गेली वाटतं. चपला नाहीत दारात," सासूबाई.

"पोह्यांत मीठ नाही. तिच्यासमोर माझी लाज काढलीस. काढ तो हेडफोन."

"कॉल चालू आहे हो. एकच मिनिट."

पत्र्यावर लाथ बसल्याचा आवाज आला. मग तिचा, अगदी सपाट, ठरल्याप्रमाणे:

"ताई, गेला."

"कोण ताई? कुणाशी बोलतेस?" आणि मग नुसते ठोसे. एक, परत एक. मध्ये तिचा श्वास.

मी जिना चढले. दार लोटलेलं होतं. त्याने तिचे केस मुठीला गुंडाळले होते आणि कपाळ टेबलाच्या कडेवर आपटत होता. हेडफोन तिच्या गळ्यात अडकला होता, वायर ताणलेली. कीबोर्डवर रक्त. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला होता. माझ्या हातात लांब स्क्रूड्रायव्हर होता. त्याची मूठ मी सगळ्या ताकदीने त्याच्या मनगटावर हाणली. केस सुटले.

"ताई! तुम्ही गेला नव्हता?" मनगट धरून तो म्हणाला. अजून 'ताई'च.

"नवरा-बायकोचं आहे हो हे," सासूबाई म्हणाल्या. "ते मशीनच मेलं खराब. डोकं फिरतं त्याचं."

"मशीन चांगलं आहे. लाथा खाऊन कुठलंही बंद पडेल."

त्यावर त्याने मॉनिटर उचलून आमच्या अंगावर फेकला. तो भिंतीवर फुटला, काच माझ्या दंडात घुसली. मी सगळ्या वायरी उपटल्या, कॅबिनेट काखेत मारलं आणि तिला म्हणाले, "चप्पल घाल." तिने घातली नाही. अनवाणीच उतरली, गळ्यात हेडफोन तसाच.

तिच्या कपाळाला टाके पडले. कॅबिनेटच्या आत वायरीचा एक जोड लाथांनी ढिला झाला होता; तो बदलला. आता तो डबा माझ्या दुकानात मागच्या टेबलावर असतो आणि ती तिथे बसून कॉल घेते. दोघं कुठेही अडत नाहीत. टाके पाहून ऑफिसने त्या रविवारचा तुटलेला कॉल सोडून दिला, नोकरी टिकली. ती माझ्याकडेच झोपते.

नवऱ्याचा फोन येतो, ती उचलत नाही. दुकानाच्या काचेबाहेर तो एकदा येऊन उभा राहिला, मी शटर अर्धं ओढलं.

पोलीस ठाण्यात तक्रार द्यायची आहे. रोज सकाळी मी पर्स घेऊन तिच्या टेबलापाशी जाते. ती 'एकच मिनिट' म्हणून एक बोट वर करते, हेडफोनमध्ये बोलत राहते. तक्रार अजून दिलेली नाही.